ॲलेक्स रायडर: कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं?

मधली_सुट्टी

भाच्याला वाढदिवसासाठी ॲलेक्स रायडरची, म्हणजे अँथनी होरोविट्झने लिहिलेल्या चौदा वर्षांच्या हेराची पुस्तकं द्यायची आहेत. वय १२, सातवीत आहे, इंग्रजी वाचन बऱ्यापैकी. फास्टर फेणे वाचून संपलाय आणि आता 'असंच अजून काहीतरी दे' म्हणून मागे लागलाय. यादी काढली तर १४ पुस्तकं निघाली आणि माझाच गोंधळ उडाला.

'रशियन रूलेट'ची गोष्ट सगळ्यांच्या आधी घडते म्हणतात, मग ते पहिलं द्यायचं का? 'पॉइंट ब्लँक' दोन वेगळ्या स्पेलिंगने दिसतंय, ती दोन पुस्तकं आहेत का? सगळी १४ घ्यायलाच हवीत की मधली काही गाळली तरी चालेल? शिवाय पहिलं पुस्तक २००० सालचं. आजच्या पोराला ते जुनाट वाटेल का? ज्यांनी मालिका पूर्ण वाचली आहे त्यांनी सांगा. शेवट मात्र फोडू नका, धागा तोही वाचणार आहे.

जुना_बाजार

सोपं आधी. 'पॉइंट ब्लँक' एकच पुस्तक आहे. ब्रिटिश आवृत्तीत नावाच्या शेवटी 'सी' आहे, कारण आल्प्समधल्या ज्या शाळेत गोष्ट घडते तिचं ते फ्रेंच नाव आहे. अमेरिकन आवृत्तीत त्याचं 'के' झालं. संच मागवताना दोन्ही टोपलीत पडत नाहीत ना, तेवढं बघा.

आता क्रम. प्रकाशनाचा क्रम हाच वाचनाचा क्रम. स्टॉर्मब्रेकर (२०००), पॉइंट ब्लँक (२००१), स्केलेटन की (२००२), ईगल स्ट्राइक (२००३), स्कॉर्पिया (२००४). ही पाच म्हणजे पाच भागांत छापलेली एकच कादंबरी आहे असं समजा. प्रत्येकात खलनायक वेगळा आणि कट वेगळा, पण खालून एक धागा सलग जातो, तो म्हणजे यासेन ग्रेगोरोविच हा भाडोत्री मारेकरी. ॲलेक्सच्या काकाला त्याने मारलंय, हे पहिल्याच पुस्तकात कळतं. तोच माणूस त्या पुस्तकाच्या शेवटी ॲलेक्सला सहज मारता येत असूनही सोडून देतो. का? याचं उत्तर मिळायला चौथ्या पुस्तकाचा शेवट गाठावा लागतो, आणि ते उत्तर ॲलेक्सला थेट व्हेनिसला, म्हणजे पाचव्या पुस्तकात नेऊन सोडतं. मधलं एखादं गाळलंत तर ही साखळी तुटते.

म्हणूनच 'रशियन रूलेट' (२०१३) आधी देऊ नका. घटना आधीच्या असल्या तरी ते लिहिलंय सगळं माहीत असलेल्या वाचकासाठी. त्यात यासेनचं लहानपण आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ॲलेक्सच्या वडिलांबद्दलची जी गोष्ट 'स्कॉर्पिया'च्या शेवटी कळून हादरायचं असतं, ती या पुस्तकात सरळ सांगून टाकली आहे. आधी वाचलं तर पाचव्या पुस्तकातली हवाच जाते. त्याची जागा 'स्कॉर्पिया रायझिंग'नंतर. वाचकाला यासेनबद्दल फारच कुतूहल असेल तर लवकरात लवकर 'स्कॉर्पिया'नंतर, त्याच्या आधी नाही.

पुस्तक पोराला धरतंय की नाही हे स्टॉर्मब्रेकरच्या दुसऱ्या प्रकरणात कळतं. सगळी मिळून १७ प्रकरणं आहेत, छोटी छोटी. पहिल्यात काका गेल्याची बातमी येते: गाडीचा अपघात, सीटबेल्ट लावला नव्हता. ॲलेक्सला तिथेच खटकतं, कारण काका कोपऱ्यावर जायचं तरी बेल्ट लावायला लावणारा माणूस. दुसऱ्यात तो गाडी शोधत भंगारवाल्याकडे पोचतो, काचेवर गोळ्यांची भोकं बघतो, आणि तो आत असतानाच गाडी चेपणाऱ्या यंत्रात जाते. इथवर येऊन भाच्याने पुस्तक उपडं ठेवलं तर जबरदस्ती करू नका, ही मालिका त्याच्यासाठी नाही.

अँथनी होरोविट्झ हा माणूस टीव्हीसाठी खूनकथा लिहून तयार झालेला. त्यामुळे त्याच्याकडे मांडणी पक्की असते: आधी वस्तू दाखवायची, वाचकाला विसरू द्यायची, मग भलत्याच कामाला लावायची. गुप्तहेर खात्यात गॅजेट बनवणारा स्मिदर्स ॲलेक्सला मुरुमांवरचं मलम देतो, ते धातू खातं. वाचकाला वाटतं आता हा कुलूप वितळवणार. प्रत्यक्षात ते लागतं जेलीफिशच्या प्रचंड टाकीच्या लोखंडी चौकटीला, आणि तेही तो स्वतः टाकीच्या आत असताना. यो-योमधल्या नायलॉनच्या दोरीचंही तेच, ती शेवटी धावत्या विमानाशी जोडली जाते. 'पॉइंट ब्लँक'मध्ये तर बर्फावरून पळायला इस्त्रीचं टेबल वापरलंय. कुठलंही गॅजेट नाही, शाळेतलं साधं टेबल. माझ्या मते मालिकेतला सगळ्यात चांगला पाठलाग तोच.

आणि बंदूक कधीच देत नाहीत. ॲलेक्स मागतो, स्मिदर्स वरून परवानगी नाही म्हणून सांगतो. ही लेखकाने स्वतःला घातलेली अट आहे आणि तिचा फायदा असा की प्रत्येक कोंडीतून डोक्याने सुटावं लागतं.

कुठे थांबायचं? 'स्कॉर्पिया रायझिंग' (२०११) हे शेवटचं पुस्तक म्हणूनच आलं होतं आणि तसंच लिहिलं गेलंय. तिथे थांबलात तर गोष्ट पूर्ण होते. मधलं एखादं गाळायचंच असेल तर 'आर्क एंजल' (२००५) गाळा. चौदा वर्षांचा मुलगा रॉकेटमध्ये बसून अवकाशातल्या हॉटेलात जातो, हे पहिल्या पाच पुस्तकांच्या मातीतलं नाही. तिथे होरोविट्झचा हात सुटलाय.

तिरकी_रेघ

बाजारबुवा, क्रमाबद्दल सगळं मान्य, पण 'आर्क एंजल' गाळायला सांगणं चूक आहे. दोन कारणं. एक, 'स्कॉर्पिया' जिथे संपतं तो शेवट म्हणजे पानावर टांगून ठेवलेला वाचक. त्याचं पुढे काय झालं ते 'आर्क एंजल'च्या सुरुवातीला आहे. ते न देता पोराला सातवं पुस्तक दिलंत तर तो रात्री फोन करेल. दोन, 'स्नेकहेड' (२००७) सुरूच होतं आर्क एंजलच्या शेवटच्या पानावरून, ॲलेक्स ऑस्ट्रेलियाजवळ समुद्रात उतरतो तिथून. हवं तर मधली अवकाशाची प्रकरणं भरभर उलटा, पण पुस्तक ठेवा.

आणि 'स्नेकहेड' तर अजिबात सोडायचं नाही. पहिल्या पुस्तकात वेल्समधल्या डोंगरांत एसएएस या ब्रिटिश कमांडो दलाचं प्रशिक्षण आहे. तिथल्या सैनिकांची टोपणनावं वुल्फ, फॉक्स, ईगल, स्नेक, आणि ॲलेक्सला त्यांनी 'कब' म्हणजे पिल्लू म्हणून बाजूला टाकलेलं. त्यातला एक जण सहा पुस्तकांनंतर बँकॉकमध्ये भेटतो. सलग वाचणाऱ्यालाच त्यातली मजा कळते.

आता खरं भांडण. ही मालिका गॅजेटांसाठी वाचायची नसते. फास्टर फेणेशी तुलना आलीच आहे तर फरक नीट बघा. बन्या फेणे संकटात पडतो तो स्वतःच्या कुतूहलाने. सायकलवर टांग मारली, 'ट्टॉक्' केलं आणि निघाला. परत आला की शाबासकी. ॲलेक्स तसा निघत नाही, त्याला ढकललं जातं. काका गेल्यावर त्याला सांभाळणारी एकटी जॅक स्टारब्राइट, तीही अमेरिकन. एमआय सिक्स या ब्रिटिश गुप्तहेर खात्यातल्या विशेष मोहिमा विभागाचा प्रमुख ॲलन ब्लंट शांतपणे सांगतो की काम केलं नाहीस तर तिचा व्हिसा रद्द होईल आणि तुझी रवानगी संस्थेत. दुसऱ्या पुस्तकात पोलिसांच्या हाती सापडतो, त्यातून सोडवायची किंमत म्हणून काम. तिसऱ्यात विम्बल्डनवर एका टोळीशी वैर ओढवून घेतो, म्हणून लंडनबाहेर पाठवायचं निमित्त मिळतं. प्रत्येक पुस्तकाची पहिली पन्नासेक पानं या नजरेने वाचा: 'नाही' म्हणायच्या वाटा मोठी माणसं एकेक करून कशा बंद करतात. 'स्कॉर्पिया रायझिंग'मध्ये ब्लंट जे करतो ते कळल्यावर आधीची आठही पुस्तकं वेगळी दिसायला लागतात.

शाळेचंही तसंच. हजेरी बुडते, आजारपणाच्या खोट्या चिठ्ठ्या जातात, अभ्यास मागे पडतो, मास्तर त्याला दुबळं पोर समजतात. शाबासकी कोणीच देत नाही कारण कोणाला सांगताच येत नाही. एकाच वर्षाच्या आसपास हे सगळं घडतं आणि ते छापायला लेखकाने ११ वर्षं घेतली. म्हणून सलग वाचताना पोरगा पुस्तकागणिक थकत जाताना दिसतो. सुटं सुटं वाचलं तर फक्त हाणामारी उरते.

दोष लपवायचे कारण नाही. खलनायक काबूत आलेल्या पोराला मारायचं सोडून अर्धं प्रकरण आपली योजना समजावत बसतो, दर वेळी. बहुतेक खलनायक परदेशी आणि त्यांच्या माणसांच्या चेहऱ्या-शरीरात काहीतरी 'विचित्र'. हेरॉड सेल मूळचा कैरोचा, ग्रीफ दक्षिण आफ्रिकेचा, सारोव रशियन, मेजर यू चिनी. साठच्या दशकातल्या हेरपटांचा तो वारसा आहे आणि होरोविट्झने तो फार न तपासता उचलला. बारा वर्षांच्या मुलाशी यावर बोलता येतं. डेमियन क्रे (ईगल स्ट्राइक) मात्र अपवाद. लोकप्रिय इंग्रज पॉपस्टार, दानधर्म करणारा, आणि त्याचा हेतू ऐकला तर 'मादक पदार्थांचा धंदा संपवायचा' असा वरकरणी चांगलाच. म्हणून तो सगळ्यात जास्त घाबरवतो.

मधली_सुट्टी

दोघांचेही आभार. म्हणजे निदान पहिली पाच तरी एकदम घ्यायची. मारामारी किती आहे हे कोणी नीट सांगेल का? त्याची आई या बाबतीत कडक आहे. आणि 'स्कॉर्पिया'त लशींचं काहीतरी आहे असं ऐकलं, ते काय प्रकरण आहे?

खारीक

ताई, शिव्या नाहीत, प्रेमप्रकरण सबीना नावाच्या मैत्रिणीपुरतं आणि तेही साधं. माणसं मात्र बरीच मरतात, आणि ती रक्तापेक्षा कल्पकतेने मरतात. त्याचा त्रास होणारा मुलगा असेल तर पहिल्या पुस्तकातल्या जेलीफिशच्या प्रसंगातच कळेल.

पुस्तकवार सांगायचं तर पहिली दोन १० वर्षांपासून बिनधास्त. 'स्केलेटन की'चा शेवट जपून, कारण तिथे एक माणूस मुलासमोर स्वतःचा जीव घेतो. तो माणूस ॲलेक्सला दत्तक घ्यायला निघालेला असतो, म्हणून प्रसंग जास्त लागतो. मारामारी नाही, पण मालिकेतलं पहिलं खरं जड पान ते. 'स्नेकहेड'मध्ये जंगलातलं इस्पितळ आहे जिथे माणसांचे अवयव काढून विकतात, तिथली तीनचार प्रकरणं रात्री झोपण्यापूर्वी नकोत. सगळ्यात जड 'स्कॉर्पिया रायझिंग'. रझीम नावाचा माणूस वेदना मोजण्याचं एकक शोधत असतो आणि त्यासाठी माणसांवर प्रयोग करतो. ते १३-१४ च्या आधी देऊ नये. भाचा दोन-तीन महिन्यांत एक या वेगाने वाचेल तर तिथे पोचेपर्यंत वय आपोआप जुळेल. सगळा संच एकदम हातात दिला तर मात्र दिवाळीच्या सुट्टीत संपवेल आणि मग पंचाईत.

लशींचं असं आहे: 'स्कॉर्पिया'तला कट म्हणजे शाळकरी मुलांना टोचायच्या लशीत सोन्याचं कवच असलेले अतिसूक्ष्म कण मिसळायचे, कवचात सायनाइड, आणि दूरवरून विशिष्ट लहरी सोडून ते कवच फोडायचं. पुस्तक २००४ चं आहे. कोविडनंतर वाचणाऱ्या मुलाला यातून 'लशीत काहीतरी घालतात' असं वाटू शकतं. एवढंच सांगा की गोष्टीतही लस वाईट नसते, कोणीतरी तिच्यात भेसळ करतं. पहिल्या पुस्तकात याच्या उलट बाजू आहे. तिथे शाळांना फुकट वाटलेल्या संगणकांतून देवीच्या रोगाचा विषाणू सोडायचा डाव असतो. देवी १९८० साली जगातून संपल्याचं जाहीर झालं आणि ते लशीमुळेच. खांद्यावरचा देवीचा व्रण आजीकडे असेल तर दाखवा. पुस्तकातली भीती कुठून येते ते त्याला लगेच कळेल.

जाता जाता, 'क्रोकोडाइल टिअर्स' (२००९) भारतात सुरू होतं. चेन्नईजवळच्या एका काल्पनिक अणुवीज केंद्रातल्या माणसाला पैसे चारून स्फोट घडवतात. पुढे केनियात रॉचा एक हेर ॲलेक्सला मगरींपासून वाचवतो. डाव असा की आधी आपत्ती घडवायची, मग सगळ्यात आधी पोचून मदतनिधी गोळा करायचा. होरोविट्झच्या सगळ्या कटांत मला हा सगळ्यात शक्य कोटीतला वाटतो. अंतराळातल्या हॉटेलापेक्षा तर नक्कीच.

पावशेर

सिनेमा दाखवून पुस्तकाची गोडी लावायचा विचार असेल तर नका करू. २००६ चा 'स्टॉर्मब्रेकर' पटकथेला खुद्द लेखक असूनही पडला. बिल नाय, स्टीफन फ्राय, मिकी रूर्क अशी भारी मंडळी आहेत, पण सूर विनोदी लावलाय आणि ब्लंटचा थंडपणाच गेला. पुढचे भाग निघालेच नाहीत.

२०२० ची मालिका चांगली आहे, पण ती स्टॉर्मब्रेकर जवळजवळ ओलांडून थेट 'पॉइंट ब्लँक'पासून सुरू होते. दुसरा हंगाम 'ईगल स्ट्राइक'वर, तिसरा (२०२४) 'स्कॉर्पिया'वर. म्हणजे 'स्केलेटन की' नाहीच. ॲलेक्स १४ पेक्षा मोठा दाखवलाय, गॅजेट नावापुरती, आणि किरा नावाची मुलगी पुस्तकात नसलेली. ज्या पुस्तकावरचा हंगाम आहे ते वाचून झालं की मग तो हंगाम, असा नियम ठेवा.

वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलांसाठी पहिल्या काही पुस्तकांच्या चित्रकथा निघाल्या आहेत. तुमचा भाचा वाचणारा आहे, त्याला त्यांची गरज नाही. त्यात पाठलाग छान येतात पण ॲलेक्स मनात काय विचार करतो ते गळून जातं, आणि कोंडीतून सुटण्याची सगळी गंमत त्या विचारातच आहे.

जुना_बाजार

तिरकी_रेघ, आर्क एंजलबाबत माघार. शेवट टांगलेला राहतो हे लक्षात घ्यायला हवं होतं. पण २०११ नंतरचं काय, ते कोणीच बोललं नाही. तुमचं मत?

तिरकी_रेघ

शेवट न फोडता सांगायचं म्हणजे तारेवरची कसरत आहे. 'नेव्हर से डाय' (२०१७) एका अर्धवट ईमेलवरून सुरू होतं आणि 'स्कॉर्पिया रायझिंग'मधली सगळ्यात दुखरी गोष्ट मागे घेतं. होरोविट्झने वाट शोधली ती तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, नववं पुस्तक परत उघडून बघितलं तर फट सापडते. पण ज्या दुःखावर नववं पुस्तक उभं होतं तेच काढून घेतल्यावर ते पुस्तक हलकं होतं. मला ते पटलं नाही. लहान वाचकांना मात्र हायसं वाटतं, आणि पुस्तक त्यांच्यासाठीच आहे हेही खरं.

'नाइटशेड' (२०२०) त्यापेक्षा कितीतरी वरचं. तिथे ॲलेक्ससमोर खलनायक म्हणून त्याच्याच वयाची मुलं येतात, मारायलाच वाढवलेली. ब्लंटने त्याच्याशी जे केलं त्याचं टोक गाठलेलं रूप. आणि मिसेस जोन्स, जी आठ-नऊ पुस्तकं पेपरमिंट चघळत ब्लंटच्या शेजारी बसलेली असते, तिनेही स्वतःचं काहीतरी गमावलंय हे इथे ठळकपणे पुढे येतं. शेवट अर्धा सोडलाय, तो 'नाइटशेड रिव्हेंज' (२०२३) मध्ये पुरा होतो. त्यामुळे ही दोन घ्यायची तर जोडीनेच. 'सीक्रेट वेपन' (२०१९) कथासंग्रह आहे, प्रवासात कुठूनही उघडावा, मालिकेला त्याने फरक पडत नाही.

खारीक

जुनाट वाटेल का, हा प्रश्न राहिलाच. वाटेल, पण गॅजेटांपुरतं. स्टॉर्मब्रेकरमध्ये ॲलेक्सला गेम बॉय मिळतो, त्यात कॅसेट बदलली की काम बदलतं: एकीने भिंतीपलीकडचं दिसतं आणि ऐकूही येतं, एक लपवलेले मायक्रोफोन शोधणारी, एक धुराचा बाँब, एक चक्क फॅक्स पाठवणारी. पुढच्या पुस्तकात सीडी वाजवायचा डिस्कमन, त्याच्यातली सीडीच करवत होते. २००६ च्या सिनेमात गेम बॉयच्या जागी निन्टेंडो डीएस आला, आज तोही जुना झाला. भाच्याला गेम बॉय म्हणजे काय हे आधी फोटो दाखवून सांगा, नाहीतर तिथे अडखळेल. फॅक्सचं तुमचं तुम्ही बघा.

मोबाइल हाताशी नसणं ही मात्र सोयच आहे. कॉर्नवॉलच्या पाण्याने भरलेल्या खाणीत, श्वास रोखून, दुसरं टोक कुठे आहे हे माहीत नसताना पोहत जायचं, तिथे रेंज असती तर प्रकरणच झालं नसतं.

मधली_सुट्टी

ठरलं. पहिली पाच आणि 'आर्क एंजल' आत्ता, बाकीची वार्षिक परीक्षेनंतर. 'रशियन रूलेट' माझ्याच कपाटात लपवून ठेवते.